दोन रिंगा

भैरवीचा फोन रोज सकाळी सातच्या सुमाराला वाजायचा. एक रिंग, दुसरी रिंग, आणि बंद. ती तो कधी उचलत नसे, कारण तो उचलायचा नसतोच. पांढरकवड्याहून तिच्या वडिलांनी, कमलाकररावांनी, दिलेला तो मिस्ड कॉल असे. त्याचा अर्थ, उठलो, ठीक आहे, काळजी करू नकोस. मग भैरवी यवतमाळहून तशाच दोन रिंगा उलट द्यायची. मीही ठीक. झालं, बाप-लेकीचं दिवसभराचं बोलणं तेवढ्यात उरकलं.

ही रीत आमच्याकडे घरोघर होती. फोन महाग होता तेव्हा मुलगा नागपूरला पोचला की दोन रिंगा, सून माहेरून निघाली की दोन रिंगा. आता फोनवर लोक भाजीत मीठ किती घालू हेही तासभर विचारतात. पण या घराची रीत सुटली नाही. माणसांपाशी बोलायला काही उरलं नाही की असल्या रीती फार टिकतात, एरवी त्यांना कोण विचारतो.

भैरवी चाळिशीच्या उंबरठ्यावरची. लग्न केलं नाही, म्हणजे जमलं नाही, आणि पुढे जमवण्याचा कंटाळा आला. पुण्यात काही वर्षं नोकरी केली. आई, रत्नप्रभाबाई, गेल्यावर वडिलांच्या जवळ असावं म्हणून ती यवतमाळला आली आणि मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पांढरकवड्याला थेट घरीच का गेली नाही, असं कुणी विचारलं की ती म्हणे, तिथे इंटरनेट धड नसतं, लाइन जाते. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. एसटीने दोनेक तासांची वाट. इतकं जवळ असलं की माणूस आज जाऊ, उद्या जाऊ करत राहतो, आणि लांब असलेलेच वेळेवर तिकीट काढून येतात.

पुण्याच्या कंपनीचं काम ती या खोल्यांत बसून करायची. कंपनी शेतकऱ्यांना हवामानाचे मेसेज पाठवायची. उद्या पाऊस आहे का, फवारणी करावी की थांबावं, वगैरे. गावोगावी खांबावर बसवलेली यंत्रं पाऊस, वारा, दमट हवा मोजायची आणि ती माहिती गोळा करणारा, पायथन या संगणकाच्या भाषेतला प्रोग्राम भैरवीने लिहिला होता. एकच प्रोग्राम एका यंत्रामागून दुसऱ्याला विचारत बसला तर राळेगावपासून झरी जामणीपर्यंत पोचेस्तोवर आभाळ बदलून जाईल. म्हणून तिने प्रत्येक यंत्रासाठी वेगळी प्रोसेस, म्हणजे त्या प्रोग्रामची स्वतंत्र चालणारी प्रत, सुरू केली होती. सगळ्या एकाच वेळी आपापलं काम करायच्या.

त्यांची मांडणी तिने अशी केली होती, की प्रत्येक प्रोसेसची जणू खोली वेगळी आणि डोकंही वेगळं. एकीने दुसरीच्या खोलीत डोकवायचं नाही, दुसरीच्या वस्तूला हात लावायचा नाही. प्रत्येकीच्या दाराला एक पेटी. काय सांगायचं ते मेसेज करून पेटीत टाकायचं, आतली सवडीने एकेक काढून वाचील आणि जमेल तसं उत्तर देईल. या पद्धतीला अ‍ॅक्टर मॉडेल म्हणतात. भैरवीला ती फार आवडायची. कुणी कुणाच्या अंगावर येत नाही, भांडण नाही, ओढाताण नाही. खरं सांगायचं तर ती स्वतःही तशीच राहत होती. खालच्या घरमालकीणबाई वाटीत काही देऊन जायच्या, ही दार किलकिलं करून घ्यायची, वाटी धुऊन परत करायची. दिवस दिवस तिला आपला आवाज ऐकू येत नसे. एकदा भाजीवाल्याशी बोलताना घसा इतका बसलेला निघाला की त्याने विचारलं, "ताई, बिमार होत्या काय?"

खोल्यांमधल्या प्रोसेस जिवंत आहेत की मेल्या हे मुख्य प्रोग्रामला कळायला हवं. त्यासाठी दर मिनिटाला प्रत्येक प्रोसेस एक लहानसा मेसेज पाठवायची, 'आहे.' मेसेज आला की भैरवीच्या स्क्रीनवर त्या गावापुढे हिरवा ठिपका. इतर लोक त्याला हार्टबीट म्हणतात. हिने त्याचं नाव ठेवलं होतं दोन रिंगा. पुण्यातल्या मुलांनी कौतुकाने विचारलं, हे काय नाव? ती म्हणाली, आमच्याकडची पद्धत आहे.

गेल्या दिवाळीत ती पांढरकवड्याला गेली होती, लॅपटॉप घेऊन. नेमकं तेव्हाच काम निघालं. फराळाच्या ताटापाशी लॅपटॉप, ओवाळतानाही डोळे स्क्रीनवर. कमलाकरराव दर थोड्या वेळाने येऊन काहीबाही विचारायचे, चहा घेतेस का, पंखा लावू का. शेवटी ती वैतागली.

"बाबा, मला सारखं कामातून उठवू नका हो. काही विशेष असलं तरच सांगा."

मग ते तिच्याकडे फिरकले नाहीत. ती निघताना मात्र दारात म्हणाले, "तू आलीस तरी आली नाहीस, भैरू."

हे तिला लागलं. इतकी धावपळ करून आले आणि वर हे ऐकायचं! बसमध्ये बसल्यावर ती तणतणत होती. त्यानंतर ती गेली नाही. दोघंही मानी, एकाच मातीची मडकी. संक्रांत गेली, होळी गेली, पावसाळा अर्ध्याच्या वर सरला. रिंगा मात्र एक दिवस चुकल्या नाहीत, आणि त्या येतात म्हणजे सगळं ठीक आहे असं ती धरून चालली.

गणपती उठले आणि एका दुपारी झरी जामणीकडच्या एका तांड्यावरून नेमसिंग नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. मेसेजच्या खाली तक्रारीसाठी भैरवीचा नंबर असे, कारण कंपनीत वऱ्हाडी समजणारी तीच एक.

"ताई, तुमचा मेसेज येते की पाणी नाही, फवारा मारा," नेमसिंग शांतपणे म्हणाला. "सकाळी उघाड पाहून मारतो. दुपारी पाणी. सारा फवारा धुऊन जाते. एकडाव झालं, मी म्हटलं आभाळाचं काही खरं नसते. पण आता तिसरा डाव आहे. तुमचं ते यंत्र पाहून राह्यलं का नाही आमच्याकडं?"

"भाऊ, यंत्र चालू आहे. मला इथे हिरवं दिसतंय."

"हिरवं तं इथंबी दिसून राह्यलं," तो म्हणाला. "पण पाणी पडून राह्यलं न."

भैरवीने त्याची माफी मागितली आणि झरीच्या प्रोसेसची खोली उघडली. ठिपका हिरवागार. मिनिटाला 'आहे' येतंय. पण आत पाहते तर पावसाची, वाऱ्याची, दमट हवेची शेवटची माहिती पोळ्याच्या आधीची. तेव्हापासून प्रोग्राम त्याच जुन्या कोरड्या हवेवरून अंदाज काढत होता. लोकांनी आपल्या भरवशावर फवारे मारले होते.

कंपनीतली तिची वरिष्ठ, ऋचा, वयाने लहान पण समजूतदार. दोघी व्हिडिओवर बसल्या आणि माशी कुठे शिंकली ते शोधू लागल्या. शेवटी सापडलं. प्रत्येक प्रोसेसला भैरवीने दोन हात दिले होते. एक हात यंत्राकडून माहिती आणायचा, दुसरा हात नुसत्या रिंगा द्यायचा. झरीच्या यंत्राने एके दिवशी उत्तरच दिलं नाही. पहिला हात उत्तराची वाट पाहत जो बसला तो बसलाच, किती थांबायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या हाताला त्याचा पत्ताच नाही. तो आपला दर मिनिटाला इमानेइतबारे सांगत होता, आहे, आहे, आहे.

"म्हणजे रिंग देणारा वेगळा आणि काम करणारा वेगळा," ऋचा म्हणाली. "काम करणाऱ्याचं काय झालं हे आपण कधी विचारलंच नाही."

"हो," भैरवी म्हणाली.

"आणि दुसरं सांगू? तू या सगळ्यांना सुरू करून देतेस आणि पुढे निघून जातेस. तसं नको. ज्याने सुरू केलं, त्याने दार धरून थांबायचं. एकूण एक परत आल्याशिवाय हलायचं नाही. एखादा अडखळला तर ते लगेच त्याच्या कानावर आलं पाहिजे, बाकीच्यांनाही थांबवता आलं पाहिजे. मागे कुणी बेवारस राहता कामा नये. स्ट्रक्चर्ड कन्करन्सी म्हणतात ती हीच."

"माझे बाबा असंच करायचे," भैरवीच्या तोंडून निघून गेलं. ऋचाला काय कळणार? ती नुसती हसली आणि दुसऱ्या मीटिंगला गेली.

कमलाकरराव पांढरकवड्याच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. गावात अजूनही त्यांना कंट्रोलर काका म्हणतात. आपल्या पाळीत बाहेर गेलेली शेवटची गाडी आत आल्याशिवाय त्यांनी खुर्ची सोडली नाही, मग पाळी संपून किती का वेळ होईना. रत्नप्रभाबाई ताट झाकून चिडत बसायच्या. फाटकातून शिरताना ड्रायव्हर हॉर्न द्यायचे, की आलो हो काका, जा आता घरी. पण काका जायचे नाहीत. कंडक्टरने खिडकीशी येऊन स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं, कसा आलास, वाटेत काय झालं, कुणी मागे राहिलं का. लहान भैरवी डबा घेऊन गेली होती तेव्हा तिने विचारलं होतं, हॉर्न ऐकू आला ना बाबा, मग कशाला थांबायचं? ते म्हणाले होते, "हॉर्न गाडीचा असतो, बाळा. माणूस कसा आहे ते हॉर्नला काय ठाऊक?"

हे आठवलं आणि भैरवीचा टाइप करणारा हात थांबला. हल्ली सकाळच्या रिंगा कशा येतात? बाबा दुसरी रिंग अर्ध्यावर तोडायचे, अगदी घड्याळ लावल्यासारखी, त्यांचा हातच तसा होता. आणि हल्ली दुसरी रिंग पुरी वाजते. कधी तिसरीची सुरुवातसुद्धा होते. हे आपल्या कानांना कधीपासून ऐकू येत होतं आणि आपण त्याकडे लक्ष दिलं नाही?

तिने लगेच फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. झोपले असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. पुन्हा लावायचा धीर झाला नाही. बाबांना हा फोन म्हणजे विशेष काही वाटेल, घाबरतील, हेही कारण होतं. आणि काय ऐकावं लागेल याची भीती, हे दुसरं.

सकाळी ती फोन हातात धरूनच बसली. पहिली रिंग वाजली न वाजली तोच तिने उचलला.

"बाबा?"

पलीकडे कुकरची शिट्टी, कुणाचा तरी दचकून घेतलेला श्वास, आणि फोन कटला. तिने उलट लावला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. आणि थोड्या वेळाने, ती हताश होऊन बसलेली असताना, फोन आपणहून वाजला. एक रिंग, दुसरी रिंग, बंद. ठीक आहे, काळजी करू नकोस.

त्या रिंगा बाबांच्या हातच्या नव्हत्या. ऋचाला तिने चार शब्द पाठवले, पिशवीत कपडे कोंबले आणि स्टँड गाठलं. लॅपटॉप टेबलावरच राहिला, तो तिला वाटेतलं मोहदा ओलांडल्यावर आठवला, आणि आठवूनही काही वाटलं नाही. बस प्रत्येक फाट्यावर थांबत होती. शेजारच्या बाईने विचारलं, "कोणी बिमार आहे काय, बाई?" भैरवी म्हणाली, "माहीत नाही हो." आणि हे बोलल्यावर तिला रडू आलं. दोन तासांवर बाप, आणि माहीत नाही!

दार कांताबाईंनी उघडलं. त्या बरीच वर्षं कमलाकररावांकडे स्वयंपाकाला येत होत्या. त्यांच्या ओच्याशी बाबांचा बटणांचा फोन खोचलेला होता. भैरवीला पाहून त्यांनी फोनवर हात झाकला, चोरी सापडल्यासारखा.

"ताई, तुमी काहून आल्या? काका रागावतीन मले."

"बाबा कुठे आहेत?"

बाबा पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्चीत होते. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. तोंड एका बाजूला उतरलेलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं, काही म्हणायला गेले, जो आवाज निघाला तो त्यांचा त्यांनाच नको वाटला, आणि त्यांनी भिंतीकडे मान फिरवली. भैरवी जवळ बसली, हात हातात घेतला. तो हात कुणाचाच नव्हता.

कांताबाईंनी स्वयंपाकघरात सांगितलं, हळू आवाजात, पदर बोटाला गुंडाळत. "पोळ्याच्या आदी न्हाणीत पडले. उजवं अंग गेलं, बोलणं तं पुरंच गेलतं. माह्या पोरानं, विक्कीनं, गाडी केली अन् दवाखान्यात नेलं. मी म्हटलं काका, ताईले फोन लावतो. तं डाव्या हातानं माहा हात धरला, सोडेचना. दोन बोटं दाखवत. मले वाटलं पाणी मांगून राह्यले. मंग फोनकडं बोट करत, अन् दोन बोटं. तवा समजलं मले. रोज सकाळी दोन रिंगा देऊन राह्यली मी. काल तुमचा फोन आला, काकांनी उचलू नाही देला. आज तुमी उचलला तं माहा जीवच गेलता. तं काका म्हणे, पुन्हा दे."

"मला का नाही कळवायचं पण?"

"थोडं थोडं बोलाले लागल्यावर मी इचारलं तेच. तं म्हणे, विशेष नाही." कांताबाईंनी तो शब्द काकांसारखाच जड जिभेने म्हटला. "तेवढंच म्हणे. विशेष नाही."

भैरवी ओट्याला धरून उभी राहिली. मग तिने विचारलं, "दवाखाना कुठला? इथलाच?"

"नाही न. यवतमाळलेच नेलतं. मोठ्या दवाखान्यात. दिवाळीत तुमीच दाखवला होता न फोटो, त्या दवाखान्यामागं तुमचं घर म्हून? काका खाटेवरून खिडकीकडंच पाहेत. मी इचारलं, हेच काय ताईचं घर? तं डोळे मिटून घेत."

काखेत कळसा अन् गावाला वळसा, असं आपण हसत हसत म्हणतो. भैरवीने ते सगळे दिवस त्या दवाखान्यावरून दूध आणलं होतं, भाजी आणली होती. तिथून दिलेल्या रिंगांना उलट दोन रिंगा दिल्या होत्या. मीही ठीक.

त्या दिवशी बाबांनी तिच्याशी बोलायचं नाव घेतलं नाही. तिने भात कालवून भरवला, तो त्यांनी मान खाली घालून खाल्ला. ती माफी मागत होती, तर ते डाव्या हाताने नको नको करत होते. कळेना, की माफी नको की ती स्वतः नको. खिडकीतून हायवेकडे जाणाऱ्या एसटीचा हॉर्न आला की मात्र त्यांचा चेहरा तिकडे वळायचा. दोघं एकाच खोलीत बसली होती आणि दोघांची दारं बंद होती. तिला वाटलं, यापेक्षा रिंगा बऱ्या होत्या.

सकाळी कांताबाई उशिरा येणार होत्या. फोन बाबांच्या उशाशी ठेवला होता. भैरवी चहा टाकत होती तोच तिचा फोन वाजला. स्क्रीनवर बाबा. तिला क्षणभर कळेचना, मग पुढच्या खोलीतून बटणाचा आवाज आल्याचं आठवलं. एक रिंग. दुसरी रिंग. ती हातात चहाची साखर घेऊन उभी राहिली. तिसरी वाजली. चौथी. तोडत नव्हते.

तिने गॅस बंद केला आणि फोन उचलला.

"बोला बाबा."

मधल्या भिंतीच्या पलीकडून आणि फोनमधून, दोन्हीकडून तोच जड आवाज येत होता. समोर बसून जे जमलं नव्हतं ते भिंतीआडून जमत होतं. शब्द अडत होते, वाटेत बसत होते, पुन्हा उठत होते. तिने मध्ये शब्द सुचवला नाही. भिंतीला डोकं टेकून ती थांबून राहिली, सगळे येईपर्यंत.

"भैरू," कमलाकरराव म्हणाले. "ठीक... नाही गं."

"हो बाबा," ती म्हणाली. "अजून काय? सांगा, मी आहे."